तीन बोटांचं मुठेल

“तेल झाडाचं, मूठ माजी, मग नाव दुकानाचं कशाला?”

फुला वेळीप हे बोलली आणि जोयड्याच्या महिला गटाच्या खोलीतल्या अकरा बायका एकदम तिच्याकडे वळल्या. गटाची अध्यक्ष तारा पेन उघडून बसली होती. पुढ्यात अर्ज होता. गटाचा माल वर्षभर विकायला तालुक्याच्या विक्री केंद्रात एक फळी मिळणार होती, त्यासाठीचा. अर्जात एक रकाना होता, मालाचं नाव. ताराने त्यात ‘म’ एवढंच अक्षर काढलं होतं. तिला ‘मलम’ लिहायचं होतं. फुलाला ‘मुठेल’ हवं होतं. ‘म’ला उकार द्यायचा की नाही, एवढ्यावर सकाळपासून गाडी अडली होती.

फुला साठीच्या आसपासची. ठेंगणी, काळी, चिवट. लुगडं अजून जुन्या कुणबी पद्धतीने खांद्यावर गाठ मारून नेसते. अणशीच्या वरच्या अंगाला जंगलात सात घरांची वाडी आहे, तिथे तिची भाताची चार वाफे जमीन, दोन म्हशी, एक मुलगा आणि एक सून. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण तिच्या हातची वस्तू जोयड्यापासून रामनगरपर्यंत लोक न विचारता ओळखतात, कारण त्या वस्तूवर तिचा हात उमटलेला असतो. हात म्हणजे हातच. तीन बोटांच्या तीन खाचा.

उन्हाळ्याच्या शेवटी भिरंडं पिकतात. घाटावर आणि पुस्तकात त्यालाच कोकम म्हणतात. सालीची आमसुलं होतात, बिया उरतात. बहुतेक घरांत बिया उकिरड्यावर जातात. फुला त्या धुऊन, राखेत घोळून, वाळवून ठेवते. पावसाळ्यात काम नसतं तेव्हा फोडते, कुटते, पाण्यात घालून चुलीवर चढवते. पाण्यावर तवंग येतो. तो अलगद काढून ताटलीत ओतला की थोड्या वेळाने दाट होऊ लागतो. पूर्ण थिजायच्या आधी, आणि पातळ असतानाही नाही, मधल्या एका क्षणाला तो हातात घेऊन मूठ आवळायची. हात उघडला की तळव्यावर पांढरट गोळा असतो, एका बाजूला बोटांच्या खाचा, दुसऱ्या बाजूला तळहाताच्या रेघा. हे मुठेल. थंडीत टाच फुटली, ओठ उलले, हाताला चिरा पडल्या की निखाऱ्याजवळ धरून जरा मऊ करायचं आणि चोळायचं. वास जवळजवळ नाही. रंग पहाटेच्या धुक्याचा, म्हणजे रंगही जवळजवळ नाही.

चांगल्या मुठीच्या चार खाचा पडतात. फुलाच्या तीनच पडतात. बाविसाव्या वर्षी बांबू तोडताना कोयता निसटला आणि उजव्या हाताची करंगळी गेली. नवऱ्याने तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. तिथल्या कंपाउंडरने जखमेवर पिवळं काहीतरी थापलं आणि बजावलं, “मलम हाय, पुसू नको.” वाटेत तिने नवऱ्याला विचारलं, मलम कशाचं करतात? नवरा हुशार माणूस होता, ठाऊक नाही असं म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो म्हणाला, “मळाचं. नावातच हाय की.” पहिल्या ओढ्याला फुला खाली उतरली, पट्टी सोडली, दुसऱ्या कुणाचा तरी मळ आपल्या हातावरून धुऊन काढला आणि घरी येऊन मुठेल लावलं. महिन्याभराने जखम भरली. कशाने भरली ते तिचं तिने ठरवून टाकलं, आणि तेव्हापासून मलम या शब्दाशी तिचं वैर.

पण वैर जुनं असलं तरी हट्टाचं खरं कारण ते नव्हतं.

तिचं माहेर आज पाण्याखाली आहे. सुप्याच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा ती लग्नाच्या वयाची होती. माणसांनी दारं काढली, वासे काढले, देव काढले. तिची आई येसू हिने भिरंडीच्या बियांचं एक पोतं घेतलं. लोक म्हणाले, येसूला खुळ लागलं. रामनगरच्या बाजूला नव्या जागी मातीही परकी होती. झाड धरलं नाही. मग येसूने राहिलेल्या बिया कुटल्या आणि शेवटचं मुठेल वळलं. त्यातला एक गोळा फुलाने सासरी आणला. आईची मूठ लहान होती. खाचांत फुलाची बोटं बसत नसत. मुंग्या लागू नयेत म्हणून तिने तो करवंटीत घालून चुलीवरच्या माळ्यावर ठेवला. एका वर्षीच्या वैशाखात वर हात घातला तर करवंटीत सपाट, गुळगुळीत थर. उन्हाने आणि धुराने मिळून आईची बोटं पुसून टाकली होती. तेव्हापासून आईच्या हातचं घट्ट असं एकच उरलं, ते नाव. आणि ते नाव घेणारंही आता वाडीत एकच तोंड उरलं होतं. बाकीच्या घरांत दुकानातल्या डब्या येत होत्या.

सून घरात आली तेव्हा फुलाला वाटलं, झालं, सुटले. सोनाली खानापूरकडची, बारावी शिकलेली, हाताला चलाख. पहिल्याच पावसाळ्यात ती ताटलीपाशी बसली, तवंग हातात घेतला, मूठ आवळली. बोटांच्या फटींतून सगळं वितळून कोपरापर्यंत ओघळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा ओघळलं.

“तुजी मूठ गरम हाय गो,” फुला म्हणाली. “तुला न्हाई जमायचं.”

तिने ते सहज म्हटलं होतं. काहींचे हात गरम असतात, फुलाचे बारा महिने थंड. मूठ कुणाची कशी, हे कुणाच्या हातात नसतं. पण सोनालीने हात पुसले, उठली, आणि त्या दिवसापासून मुठेल हा शब्द तिने तोंडातून काढला नाही. ती त्याला ‘कोकम बटर’ म्हणू लागली. फोनवर तसंच म्हणतात, ती सांगे. फुला ‘मुठेल आण’ म्हणाली की सोनाली विचारी, “कोकम बटर व्हय?” आणि आणून देई. दोन वर्षं घरात एकाच गोळ्याला दोन नावं होती, आणि दोघी एकमेकींचं नाव ऐकू न आल्यासारखं करत होत्या.

तर आता अर्ज, आणि अर्जातला ‘म’.

“फुलाक्का, ऐका माजं,” तारा म्हणाली. तिचं रामनगरला किराणा दुकान. गिऱ्हाइकाची नाडी तिला कळते. “मुठेल म्हंजे काय, हे कुणाला ठावं हाय? गोल डबी करू, वर मलम लिवू. बघितल्या-बघितल्या कळतंय लोकास्नी, की हे लावायचं हाय. न्हाईतर कोण तरी भाजीत घालंल.”

“घालू दे की. भाजीबी खावून बघितल्याय आमी त्यात.”

“तुमच्याशी बोलून उपेग न्हाई. मास्तरांना बोलवा गं कुणी तरी.”

महाबळेश्वर मास्तर शेजारच्याच घरात राहतात. चाळीस वर्षं मराठी आणि कन्नड दोन्ही शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे चार शब्दकोश आहेत आणि विचारायला येणारं कुणी नाही. निरोप पोचायच्या आत ते दारात उभे होते.

“मास्तर, या बाईला मलम म्हंजे काय ते एकदा नीट सांगा,” तारा म्हणाली. “मळाचं असतंय म्हणत्यात त्या.”

मास्तर हसले. “मळाचा काही संबंध नाही. मुळात मलम हा आपला शब्दच नाही.”

“बघा!” फुला म्हणाली.

“थांब की जरा. अरब लोक मरहम म्हणतात. फारसीतून तो इकडे आला. वाटेत ‘र’चा ‘ल’ झाला, ‘ह’ गळून पडला. अरबांनीही तो ग्रीक लोकांकडून घेतला असं म्हणतात. त्यांच्यात त्याचा अर्थ मऊ करणारं. मळून, चेपून मऊ केलेलं.”

“एवढ्या लांबनं आला?” फुलाच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी दया आली. “कसा आला?”

“घोड्यावरून, गलबतातून. माणसं जखमा घेऊन हिंडतात. त्यांच्यामागनं औषध येतं, औषधामागनं नाव. इथून पुढे कन्नडात गेलं, तिथे त्याचं मुलामु झालं.”

“म्हंजे त्यांनी उकार दिला,” मागून एक बाई म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

फुलाने थोडा विचार केला. पस्तीस-छत्तीस वर्षांचं वैर मनातल्या मनात उलटंपालटं केलं. “मळाचं न्हाई म्हणता? मग उगाच धुतलं मी त्या दिवशी. बरं. लांबचा पाव्हणा हाय. पाव्हण्याला च्या द्यावा, पाट द्यावा. घर त्येच्या नावावर करू नये.”

तारानेही हसू दाबलं. “आन् मुठेल काय या मातीत उगवलंय काय?”

“ते मजेदार आहे,” मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, म्हणजे आता कोशातलं नाही, स्वतःचं सांगणार होते. “बघा, खोबऱ्याचं तेल ते खोबरेल. एरंडाचं तेल ते एरंडेल. ज्यातून निघतं त्याचं नाव तेलाला. मग मुठेल कशाचं तेल?”

त्यांनी मूठ मिटून वर धरली.

“मुठीचं. नावावरून बघाल तर या तेलाला झाड नाही, बी नाही. नाव ठेवणाऱ्या बाईला झाड दिसलंच नाही, स्वतःचा हात दिसला. जणू मूठ पिळली आणि तेल निघालं.”

फुलाने लुगड्याखालून उजवा हात काढला, उघडला, मिटला, आणि पुन्हा आत घेतला. ती आयुष्यभर हा शब्द वापरत होती. तो उघडून आत काय आहे ते तिला आज कुणीतरी दाखवलं होतं, आणि आत तिचाच हात निघाला होता.

“आत्ती, पण आता लोकं कोकम बटरच म्हणत्यात,” दाराशी बसलेली सोनाली सासूला म्हणाली.

“त्यो तर कालचा पाव्हणा,” फुला वळूनही न बघता म्हणाली.

तारा व्यवहारी बाई. तिने पेन मिटलं. “मास्तर, गोष्ट ग्वाड हाय. पण गिऱ्हाईक काय चष्मा काढून बोलत न्हाई. लोक ज्या नावानं मागतील ते नाव. कुणी मुठेल म्हणून मागणार हाय का, तेवढं सांगा.”

मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला. फुला पुढे सरकली.

“अर्ज कधी द्यायचाय?”

“मेळा झाला की दुसऱ्या दिशी.”

“मग मेळ्यात दोन्ही ठेवा. डबीत तुमचं मलम, पानावर माजं मुठेल. सांजपतोर कुणी एकानं, एकानंच, मी न सांगता त्येला मुठेल म्हटलं, तर उकार द्या. न्हाई म्हटलं, तर लिवा मलम. म्या गप डबीत वतीन. परत शबुद काढणार न्हाई.”

“चिठ्ठीवर वाचून म्हटलं तर?”

“वाचून म्हटलं तरी म्हटलंच की.”

ठरलं. जोयड्याचा कंदांचा मेळा जानेवारीत भरतो, मुलूख कर्नाटकाचा, तिथे बहुतेकांना कन्नडच वाचता येतं, म्हणून चिठ्ठ्या कन्नडात छापायच्या. डबीवर ‘मुलामु’, गोळ्यावर ‘मुठेल’. ताराने बसस्टँडवरून एका छापखान्याला फोन लावला. जंगलात फोनला आवाज अर्धाच पोचतो. तारा ओरडून सांगत होती, पलीकडचा ओरडून ‘हां हां’ म्हणत होता.

मेळ्याच्या आदल्या दिवशी फुलाचा मुलगा गुरुदास याने जीपमधून चिठ्ठ्यांची दोन बंडलं आणून टाकली. ताराने एक फोडलं, ‘मुलामु’ छान आलं होतं. दुसरं फोडलं, वाचलं, आणि पुन्हा वाचलं.

“काय झालं गो?” फुलाने विचारलं.

ताराने चिठ्ठी पुढे केली. मास्तरांनी चिठ्ठी हातात घेतली. हिरवी वेलबुट्टी, मधोमध ठळक कन्नड अक्षरं : मुट्टल्ल.

“मुट्टल्ल,” मास्तर हळूच म्हणाले.

हे कन्नड तिथे सगळ्यांनाच येत होतं. मुट्टल्ल म्हणजे शिवणार नाही. हात लावणार नाही. जी वस्तू हातानेच होते आणि हातानेच लावायची, तिच्यावर तीनशे चिठ्ठ्या छापून आल्या होत्या की, हात लावणार नाही.

आधी एक बाई फुसकन हसली. मग दुसरी. मग फुला हसायला लागली, आणि तिचं हसू असं चढत गेलं की तिला भिंतीला टेकावं लागलं. डोळ्यांतून पाणी. “आवय गो,” ती मधेच आईला हाक मारी, “हात न लावता कसं वळू गो आवय,” आणि पुन्हा पोट धरी. तारा कपाळाला हात लावून हसली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

हसू ओसरल्यावर मात्र फुलाच्या ध्यानात आलं. चिठ्ठी ही तिची हुकमी बाजू होती. कुणीतरी वाचेल, वाचून म्हणेल. आता वाचणारा म्हणणार ते भलतंच. नव्या छापायला वेळ नव्हता.

“लावू नका चिठ्ठ्या,” ती म्हणाली.

“लावायच्या,” सोनाली म्हणाली. दिवसभरात ती पहिल्यांदा बोलली. “कोरं ठेवलं तर कोण बघणार बी न्हाई.”

सासूने सुनेकडे पाहिलं. सुनेने बंडल उचललं होतं.

मेळ्याचा दिवस लख्ख उजाडला. रात्रीची थंडी पानांवर अजून होती. मांडवात कंदांचे ढीग लागले. माणसाच्या मांडीएवढे, मुळांच्या मिशा असलेले, मातीसकट. त्यांच्यामध्ये गटाचं टेबल. डाव्या बाजूला डब्यांचा मनोरा, उजव्या बाजूला सुक्या केळीच्या पानांवर तीन खाचांचे साठ गोळे, प्रत्येकाच्या पोटाशी एक चिठ्ठी. टेबलामागे तारा आणि सोनाली. फुला मागे चटईवर, कराराप्रमाणे तोंड मिटून.

नऊ वाजता एक माणूस थांबला, वाकला आणि मोठ्याने वाचलं, “मुट्टल्ल! का हो, हात का लावायचा न्हाई?”

“लावून बघा की,” सोनाली म्हणाली.

त्याने लावला. बोटाला चोळलं, नाकाला लावलं, बायकोला हाक मारली. बायकोने शेजारणीला. अर्ध्या तासात टेबलापुढे गर्दी. पोरी एकमेकींना ढकलून म्हणत होत्या, तू मुट्टु, तू हात लाव. एक म्हातारा अंगठ्याने खाच दाबत राहिला आणि शेवटी तो गोळा विकतच घेतला. चिठ्ठीने जे करायला नको ते बरोबर केलं होतं. जो वाचेल तो हात लावल्याशिवाय हलत नव्हता.

पण नाव?

“ते मुट्टल्ल द्या.” “ते कोकमाचं द्या.” “अंड्यासारखं ते.” “फुलाबाईचं, तीन बोटांचं.” “पायाला लावायचं असतंय ते, काय म्हणत्यात त्याला, असू दे, द्या दोन.” चटईवरून फुला प्रत्येक तोंडाकडे बघत होती. ओठ मिटत, तिचे डोळे बारीक होत. ‘मु’ निघे, ती पुढे झुके. ‘ट्टल्ल’ येई, ती मागे टेके. एकदा एका बाईने ‘मूठ’ एवढं म्हटलं. फुला अर्धी उठली. बाई म्हणाली, “मूठभर हाय की हो नुसतं.” फुला बसली.

ताराने मागे वळून पाहिलं. तिला वाईट वाटत होतं. पण अर्ज तिच्या पिशवीत होता, आणि ‘म’ तसाच.

बारा वाजले. साठांतले चार गोळे उरले. डब्यांचा मनोरा जवळजवळ तसाच उभा होता. मास्तर आले आणि फुलाला म्हणाले, “ऊठ, चहा घेऊ. नुसतं बघत बसून शब्द फुटत नाहीत.”

ती गेली. मांडवाच्या टोकाला चहाचं दुकान. मास्तरांनी तिला आणखी काही शब्द उघडून दाखवले, पण तिचं लक्ष नव्हतं. “मास्तर,” ती मधेच म्हणाली, “म्या मेले तर शब्दाचं काय व्हतं?”

“कोशात राहतो.”

“तिथं गरम व्हतं का?”

मास्तरांना आधी कळलं नाही. मग तिने कधी सांगितलेलं आठवलं, करवंटी, माळा, वैशाख. ते म्हणाले, “नाही. पण तिथे त्याला कुणी हातही लावत नाही.”

“म्हंजे मुट्टल्ल,” फुला म्हणाली, आणि दोघं हसली. चहा संपवून ती परत निघाली. ऊन माथ्यावर होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की, डबीत ओतायचं तेही नीट ओतायचं. ताराला नाव ठेवायला जागा द्यायची नाही.

टेबलाजवळ आली तेव्हा तिला आधी ताराचा आवाज ऐकू आला. “अगं ए, माजं मलम! काय चालवलंयस?”

फुला मांडवाच्या खांबाआड थांबली.

टेबलावर एक परात. परातीत शेजारच्या एका चुलीवरून आणलेलं गरम पाणी, आणि पाण्यात ताराच्या गोल डब्या, झाकणं काढून, ओळीने. शेजारी मातीच्या रांजणातल्या गार पाण्याची बादली. सोनालीने पदर खोचला होता. तिने डबीतला मऊ झालेला पांढरा ऐवज बोटाने खरवडून पानावर काढला. मग दोन्ही हात मनगटापर्यंत बादलीत बुडवले आणि तसेच ठेवले. मनात काहीतरी मोजत होती. हात लाल झाले तेव्हा बाहेर काढले, झटकले, गोळा घेतला आणि मूठ आवळली. ओघळलं नाही. तिने मूठ उघडली. तळव्यावर गोळा, त्याच्यावर चार खाचा.

पानावर असे सात गोळे आधीच होते. हे एका दुपारचं कसब नव्हतं. गार पाण्यात हात किती वेळ ठेवायचा हे पहिल्या खेपेला कळत नाही. फुलाला दोन पावसाळ्यांतल्या कमी भरलेल्या ताटल्या आठवल्या, सोनालीने मांजराच्या नावावर घातलेल्या.

“डब्या कोण घेत न्हाई, गोळे संपले,” सोनाली ताराला म्हणत होती. “मग काय करू, बसून ऱ्हाऊ? आतलं तेच हाय की.”

टेबलापुढे एक जाडजूड बाई उभी होती, हातात दोन किलोचा कंद पोरासारखा कडेवर घेतलेली. तिने नवा गोळा उचलला, उलटा केला, सुलटा केला. “ह्ये फुलाबाईचं न्हवं. चार बोटं हायत. मला तीन बोटांचं पायजे.”

“त्येच हाय, मावशी.”

“त्येच कसं? फसवू नको मला. मी दर वर्साला घेतोय.”

“बोटं मोजून काय करतासा?” सोनालीचा आवाज चढला. आजूबाजूचे वळून बघायला लागले. “भाजी घेताना माळणीची बोटं मोजतासा काय? मुठेल हाय हे. मुठेल! तेल आत्तीचं, मूठ माजी.”

ताराने परातीवरून डोकं वर केलं.

“काय म्हणालीस?” बाईने विचारलं.

“मुठेल. खोबऱ्याचं खोबरेल, एरंडाचं एरंडेल, मुठीचं मुठेल. माजी मूठ गरम हाय, म्हणून पाण्यात बुडवून वळतोय. घ्यायचं तर घ्या, न्हाई तर तीन बोटांची वाट बघत बसा पुढच्या वर्सापतोर.”

बाईने चार खाचांत आपली चार बोटं घालून पाहिली. बसली. “बरं बाई,” ती म्हणाली, “दोन मुठेल दे. भांडू नको.”

तारा खांबाकडे बघत होती. तिला फुला दिसली होती. ताराने पिशवीतून अर्ज काढला, टेबलाच्या कोरड्या कोपऱ्यावर पसरला, आणि ‘म’च्या पायाशी एक छोटा, पुढे वळलेला उकार काढला. मग वर बघून फुलाला दाखवायला कागद उचलला. फुलाला वाचता येत नाही हे ती विसरली होती.

सोनाली वळली. सासूला बघून तिचे ओले हात हवेतच राहिले. “आत्ती,” ती म्हणाली, “त्या... डब्या मी भरून देतो परत. रागवू नका.”

फुला टेबलाजवळ आली. चार खाचांचा एक गोळा उचलला. आपली तीन बोटं तिने त्यावर ठेवली. चौथी खाच रिकामी राहिली. तिने तो गोळा पदराच्या टोकात बांधला, गाठ ओढून बघितली. मग बादली उचलली. तिच्यातलं पाणी सुनेच्या हातांनी कोमट झालं होतं. ते तिने कडेला ओतून दिलं, आणि रिकामी बादली घेऊन गार पाणी आणायला मांडवाबाहेर उन्हात निघून गेली.